अकलेशियासाठी ‘पोएम’ करून घेताना : निदानापासून जेवणाच्या ताटापर्यंत

घास घशात नाही, छातीच्या मधोमध अडकतो. वर पाणी प्यावं तर कधी तो सरकन खाली जातो, कधी पाण्यासकट तोंडात परत येतो. परत आलेलं अन्न आंबट लागत नाही, कडू लागत नाही. खाल्लं होतं तसंच असतं. हे महिनोन्‌महिने चाललंय, वजन उतरतंय आणि पित्ताच्या गोळ्यांनी काडीचाही फरक पडत नाही, असं असेल तर ‘अकलेशिया कार्डिया’ हे नाव एकदा तरी डॉक्टरांसमोर काढा. दर लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दोन जणांनाच हा आजार नव्याने होतो. फॅमिली डॉक्टरांनी आयुष्यभरात असे मोजके रुग्ण पाहिलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मनात तो पहिल्या फटक्यात येत नाही यात नवल नाही.

माझ्या ताईला हा आजार आहे. तिच्यासोबत हॉस्पिटलात राहून आणि पुढे अशाच इतर रुग्णांशी बोलून जे कळत गेलं ते क्रमाने मांडतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे शोधू नका. पोएम, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा आवळलेला स्नायू कापणं. ही प्रक्रिया साधारण तास-दोन तासांची आणि पूर्ण भुलेखाली होते. रुग्णाला त्यात काहीच करायचं नसतं. त्याच्या आणि घरच्यांच्या हातात असतं ते आधीचं आणि नंतरचं. म्हणून मीही त्याच दोन टोकांवर जास्त रेंगाळणार आहे.

बिघडतं काय

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. गिळलं की ते सैल पडतं, अन्न आत गेलं की पुन्हा आवळतं. अकलेशियात त्याला सैल पाडणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. कडं नाडी ओढलेल्या पिशवीसारखं आवळलेलं राहतं, आणि वरच्या नळीत अन्न खाली ढकलणारी लाटही बंद पडते. कारण नक्की ठरलेलं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच चेतापेशींवर उलटत असावी असा संशय आहे.

मग अन्न नळीत साचतं आणि स्वतःच्या वजनाने थोडं थोडं झिरपतं. रुग्ण आपापल्या युक्त्या शोधून काढतात. ताई ताटावरून उठून दोन्ही हात वर करायची, छाती पुढे काढायची आणि तांब्यातलं पाणी एका दमात प्यायची. एका पोळीला हे तीन-चार वेळा. रात्री आडवं झालं की साचलेलं घशाशी येतं, ठसका लागतो, सकाळी उशी ओली असते. रात्रीचा खोकला आणि उतरलेलं वजन पाहून कुणाची टीबीची तपासणी होते, कुणाला दम्याचा पंप मिळतो, आणि तरुण मुलगी असेल तर ‘डाएटिंग करते, दुसरं काय’ हे घरातूनच ऐकू येतं.

नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत. कुठल्याही उपचाराने मूळ आजार जात नाही, फक्त आवळलेलं कडं मोकळं होतं. त्यानंतरही अन्न खाली न्यायचं काम मुख्यतः गुरुत्वाकर्षणच करतं. हे आधीच कळलेलं बरं, नाही तर ‘एवढा खर्च करून पूर्वीसारखं का नाही’ म्हणून माणूस खट्टू होतो.

निदान पक्कं झाल्याशिवाय टेबलावर जायचं नाही

तपासण्या तीन आहेत आणि तिन्ही लागतात.

पहिली दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपी. सुरुवातीच्या काळात ती चक्क नॉर्मल येऊ शकते. ‘दुर्बीण नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर थांबू नका. तिचं मुख्य काम दुसरं आहे : जठराच्या तोंडाशी गाठ नाही ना, हे पाहणं. तिथला कर्करोग हुबेहूब अकलेशियाचं सोंग घेऊ शकतो. वय पंचावन्न-साठच्या पुढे, त्रास गेल्या काही महिन्यांतलाच आणि वजन झपाट्याने उतरलेलं, असं तिन्ही जुळत असेल तर सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीतून केली जाणारी सोनोग्राफी लागेल का, हे स्वतःहून विचारा.

दुसरी बेरियमची. पांढरं, खडूच्या चवीचं द्रव प्यायला देतात आणि उभ्याने एक्स-रे काढतात. नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. शक्य असेल तर ‘टाइम्ड’ बेरियम करायला सांगा. त्यात १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढून द्रवाचा स्तंभ किती उंच उरला ते मोजतात. उपचारानंतर तुलना करायला हाच आकडा उपयोगी पडतो.

तिसरी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणं. निदानावर शिक्कामोर्तब हीच करते, आणि रुग्ण घाबरतात तेही हिलाच. सहा-आठ तास उपाशी राहायचं, मग नाकपुडीत बधिर करणारी जेली लावून एक बारीक लवचिक नळी नाकातून अन्ननलिकेत आणि पुढे जठरापर्यंत सरकवतात. भूल नसते, कारण तुम्हाला गिळायचं असतं. नळी घशाच्या वळणावर येते ते दहा-पंधरा सेकंद खरे वाईट. तिथे डोळ्यांतून पाणी येतं, उमासे येतात. हनुवटी छातीला टेकवायची, स्ट्रॉने पाण्याचे छोटे घोट घेत राहायचे आणि नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. नळी पाण्याबरोबर उतरते. पुढे आडवं झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट देतात, मग बसवून आणखी काही. दोन घोटांच्या मध्ये लाळ गिळायची नाही, हे सगळ्यात अवघड. अर्ध्या-पाऊण तासात सुटका होते. कंबरदुखीसाठी किंवा इतर कशासाठी ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय औषधं चालू असतील तर आधी सांगा. त्यांच्यामुळेही आलेख अकलेशियासारखा दिसू शकतो.

रिपोर्टात टाइप १, २ किंवा ३ असं लिहिलेलं असतं. हा आकडा आजार किती वाढलाय ते सांगत नाही, प्रकार सांगतो. टाइप २ उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद देतो. टाइप ३ मध्ये नळीच्या खालच्या भागात पेटके येतात, छातीत दुखतं, आणि तिथला स्नायू लांबवर कापावा लागतो. त्यासाठी पोएम जास्त सोयीचं.

एक काम घरी करा. एकार्ट स्कोअर नावाची साधी गुणपद्धत आहे : घास अडकणं, अन्न वर येणं, छातीत दुखणं आणि वजन घटणं, प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण १२. आजचा स्कोअर तारखेसह वहीत लिहा. उपचारानंतर तो ३ किंवा त्याखाली आला तर उपचार यशस्वी मानतात.

फुगा, ऑपरेशन की पोएम

सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने व्हेलच्या हाडाला स्पंज बांधून रुग्णाला रोज अन्न खाली ढकलायला शिकवलं होतं. तिथून आपण बरेच पुढे आलो आहोत. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी हे कडं बाहेरून कापण्याची शस्त्रक्रिया केली. आज ती पोटाला छोटी छिद्रं पाडून, लॅप्रोस्कोपीने होते. पोएममध्ये तोच स्नायू तोंडावाटे, दुर्बिणीतून कापतात, बाहेर एकही टाका नाही. जपानच्या योकोहामामध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये ती पहिल्यांदा माणसावर केली.

फुग्याने कडं ताणण्याचा उपचार स्वस्त आहे, पण बऱ्याच जणांना तो पुन्हा करावा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षांनंतर पोएमचं यश ९२ टक्के आणि फुग्याचं ५४ टक्के होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत पोएम आणि लॅप्रोस्कोपी दोन वर्षांनी जवळपास बरोबरीत होत्या, ८३ आणि ८२ टक्के. मात्र तीन महिन्यांनी अन्ननलिकेत अॅसिडच्या जखमा पोएमवाल्यांपैकी ५७ टक्क्यांना दिसल्या, ऑपरेशनवाल्यांपैकी २० टक्क्यांना. कारण उघड आहे. ऑपरेशनमध्ये जठराचा थोडा भाग दुमडून नवा अडसर शिवतात, पोएममध्ये तसं काही नसतं. स्नायू सैल पाडणाऱ्या बोटॉक्सचं इंजेक्शन सहा महिने ते वर्षभर पुरतं. भूल न झेपणाऱ्या वयस्करांसाठी ठीक, तरुणांनी त्यात वेळ घालवू नये असं माझं मत.

डॉक्टरांना ‘कुठलं चांगलं’ असं विचारू नका. ‘माझा टाइप हा, माझं वय हे, मला पोएम का आणि लॅप्रोस्कोपी का नाही?’ असं विचारा. उत्तरात टाइपचा उल्लेखच आला नाही तर दुसरं मत घ्या.

हॉस्पिटल आणि पैसे

पोएम मुंबई-पुण्यात होतं. हैदराबादच्या एआयजी हॉस्पिटलमध्ये ते फार मोठ्या संख्येने होतं. नांदेड, लातूरकडच्यांना तेच जवळ पडतं. कुठेही गेलात तरी पुढचं विचारा. पोएम स्वतः करणारे डॉक्टर कोण आणि त्यांनी आजवर किती केले? मॅनोमेट्री तिथेच होते का? गरज पडली तर छातीचे किंवा पोटाचे सर्जन रात्रीही हजर असतात का? अनुभवी डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत.

एस्टिमेट घेताना पॅकेजमध्ये एकदाच वापरायची सुरी आणि क्लिपा धरल्या आहेत का, हे लेखी घ्या. बिल फुगतं ते इथेच. मेडिक्लेम असेल तर प्री-ऑथच्या, म्हणजे खर्चाच्या पूर्वमंजुरीच्या, पत्रात ‘पूर्ण भुलेखालील उपचारात्मक प्रक्रिया, भरती आवश्यक’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. नुसता ‘एंडोस्कोपिक’ शब्द दिसला की टीपीएवाले (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारे) नुसती तपासणी समजून प्रश्न काढू शकतात. पॉलिसी नवी असेल तर आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा (त्याचा खर्च विमा देऊ लागेपर्यंतची मुदत) तपासा. २०२४ पासून ती जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल का, हे योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात भरतीच्या आधी जायचं. डिस्चार्जच्या दिवशी उत्पन्नाचा दाखला शोधत बसलात तर उपयोग नाही.

आधीचा आठवडा

भूलतज्ज्ञांकडून फिटनेस घ्यायचा असतो : रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि वैद्यांची काही औषधं चालू असतील तर सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. काय कधी बंद करायचं ते तेच ठरवतील.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. बाकीच्या रुग्णांचं पोट सहा-आठ तासांत रिकामं होतं; अकलेशियात कालच्या रात्रीचा भात आज दुपारी नळीत सापडू शकतो. भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. म्हणून बहुतेक ठिकाणी एक ते तीन दिवस आधीपासून फक्त पातळ पदार्थ सांगतात. ‘पातळ’ म्हणजे गाळणीतून खाली उतरेल ते : शहाळ्याचं पाणी, वरणाचं निथळलेलं पाणी, पातळ ताक, गाळलेलं सूप. पेज चालते का ते विचारून घ्या, तिच्यातली कणी खाली राहते. ‘अशक्त दिसतेय, थोडा मऊ भात खा’ म्हणणाऱ्या मावश्या-काकवांना हे आधीच नीट समजावून सांगा. एवढं करूनही काही राहिलंच तर आधी दुर्बिणीतून नळी धुऊन घेतात. साचलेल्या अन्नावर बुरशी धरलेली असेल तर औषध देऊन प्रक्रिया काही दिवस पुढे ढकलतात. तारीख बदलली म्हणून भांडू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

या दिवसांत रात्री पाठीला टेकण देऊन, अर्धवट बसूनच झोपायचं.

त्या दिवशी

भूलतज्ज्ञ भेटले की स्वतःच्या तोंडाने सांगा : ‘मला अकलेशिया आहे, शेवटचं काय आणि कधी प्यायलो ते हे.’ फाईलमध्ये लिहिलेलं असतंच, तरी सांगा. हलणारा दात, कवळी, नथ, कानातलं, नेलपॉलिश या गोष्टी वॉर्डातल्या सिस्टर विचारतीलच.

आत काय होतं? श्वासनळीत नळी घालून भूल देतात. दुर्बीण अन्ननलिकेत उतरवून आतल्या अस्तराखाली निळं द्रव टोचतात, म्हणजे अस्तर वर उचललं जातं आणि थर वेगळे ओळखू येतात. तिथे साधारण दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन दुर्बीण अस्तर आणि स्नायू यांच्या मधल्या फटीत शिरते, बोगदा खणत जठरात दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाते. मग आतला गोल स्नायू वरून खाली कापत आणतात आणि छेद छोट्या धातूच्या क्लिपांनी बंद करतात. फुगवण्यासाठी साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात चटकन शोषला जातो. तरी थोडा वायू बाहेर निसटतो. बाहेर आल्यावर मानेची कातडी दाबली की खाली कुरकुर लागते, चेहरा जरा सुजलेला दिसतो. बाहेर बसलेल्या घरच्यांची यानेच गाळण उडते. बहुतेक वेळा ते एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. क्वचित पोटात वायू साचला तर सुईने काढतात. रक्तस्राव, अस्तराला भोक पडणं, गळती हे खरे धोके. ते कमी आढळतात, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचा आणि विचारा.

दुसऱ्या दिवसापासून

पहिले चोवीस तास बहुधा पाणीही नाही, सलाईन आणि अँटिबायोटिक. छातीत किंवा पाठीत दुखतं, घसा खवखवतो. सिस्टरना सांगून औषध घ्या, सहन करत बसू नका. दुसऱ्या दिवशी पाण्यात विरघळणारं औषध पाजून एक्स-रे काढतात आणि गळती नाही ना, ते पाहतात. मग पहिला घोट पाणी.

ताईने तो घोट घेतला आणि नेहमीच्या सवयीने हात वर केले. पाणी कधीच खाली गेलं होतं.

घरी सोडतात साधारण दोन ते चार दिवसांत. ताप, वाढत जाणारं छातीचं दुखणं, धाप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही झालं तर फोनवर सल्ला न विचारता थेट कॅज्युअल्टीत जा. सोबत डिस्चार्ज कार्ड न्या. क्लिपा काही आठवड्यांत आपोआप सुटून शौचावाटे जातात. तोवर एमआरआयची वेळ आली तर क्लिपा आहेत हे आधी सांगायचं.

ताट

आधी पातळ, मग साधारण आठवडा-दोन आठवडे मऊ. नक्की किती दिवस ते तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर असेल, तोच खरा. पातळमध्ये पेज, नाचणीची आंबील, ताक. मऊमध्ये गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, कुस्करलेलं केळं, दुधात पूर्ण विरघळलेलं बिस्कीट, शिजवून घोटलेला भोपळा. गरम-जळजळीत आणि तिखट नको.

त्यानंतर एकेक पदार्थ आणा, दोन नवे एका जेवणात नकोत. पाव, चिकट भात, मटण आणि कोरडी भाकरी शेवटी. साबुदाण्याची खिचडी अडकण्यात अव्वल आहे. एकादशी आली तरी मोह आवरा, राजगिऱ्याची लापशी करा. भाकरी आली की सुरुवातीला दुधात किंवा आमटीत कुस्करून. घास छोटा, चावणं भरपूर, पाठ ताठ, जेवताना आणि जेवणानंतर पाणी. रात्रीचं जेवण झोपण्याच्या किमान तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा-आठ इंच उंची द्या. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं आणि अन्न उलट वर येतं.

गोळ्यांचंही तसंच. मोठी गोळी अडकून अस्तर जाळू शकते. पण प्रत्येक गोळी कुटून चालत नाही. अॅसिडच्या कॅप्सूलमधले दाणे कुटले तर औषध वाया जातं. कुठली गोळी कुटायची आणि कुठल्या औषधाचं द्रव मिळतं, ते डिस्चार्जच्या वेळी एकेक करून विचारा.

अॅसिड आणि पुढच्या तपासण्या

घास उतरायला लागला की लोक हॉस्पिटलचं तोंड पाहत नाहीत. इथेच गोम आहे. कडं कापल्यामुळे जठरातलं अॅसिड वर यायला वाट मोकळी झालेली असते, आणि कित्येकांना जळजळ अजिबात जाणवत नाही, तरी आत जखमा होत असतात. म्हणून अॅसिड कमी करणारी गोळी बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही. सांगितल्या वेळी एंडोस्कोपी आणि टाइम्ड बेरियम करून घ्यायचं. गोळी चालू ठेवायची, कमी करायची की बंद, ते त्यावर ठरतं. अकलेशियाच्या जुन्या रुग्णांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, तेव्हा तंबाखू आणि दारू सोडायला यापेक्षा वेगळं निमित्त नको.

वहीतला एकार्ट स्कोअर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा लिहा. तो ३ च्या वर चढू लागला तर वाट पाहू नका. पुन्हा मॅनोमेट्री आणि बेरियम होईल. स्नायू अपुरा कापला गेला असेल तर दुसऱ्या बाजूने पुन्हा पोएम, फुगा किंवा लॅप्रोस्कोपी असे रस्ते असतात. त्या वेळी नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न पडेल तो कापलेल्या स्नायूची लांबी आणि बाजू यांचा. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत प्रक्रियेचा पूर्ण अहवाल, मॅनोमेट्रीचे रंगीत आलेख आणि बेरियमच्या फिल्मा आजच मागून घ्या आणि सगळ्यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.